वस्ती न पाडता घरं बांधता येतात. येरवड्यात झालं, मग पुढे का थांबलं?

मुळाकाठ (धागाकर्ती)

पुण्यात झोपडपट्टी पुनर्वसनाचा विषय निघाला की दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते बिल्डरला द्या, टॉवर होऊ द्या. दुसरी म्हणते काहीच नको, आहे तसं राहू द्या. याच शहरात तिसरी गोष्ट होऊन गेली आहे. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हा धागा.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जेएनएनयूआरएम म्हणजे जवाहरलाल नेहरू शहरी नूतनीकरण अभियान सुरू केलं. उड्डाणपूल आणि बीआरटी सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याच अभियानात 'शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा' म्हणजे बीएसयूपी नावाचा भाग होता. त्यातून येरवड्यात नेताजीनगर, यशवंतनगर, शीला साळवेनगर, मदर तेरेसानगर, भाटनगर, वडारवस्ती, नागपूर चाळ अशा वस्त्यांमध्ये जागच्या जागी घरं बांधली गेली. स्पार्क आणि महिला मिलन या संस्था आणि वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांचं हे काम. पुण्यात दुसऱ्या संस्थांनीही याच योजनेत वस्त्या घेतल्या होत्या.

पद्धत अशी. वस्तीत ज्यांचं घर आधीच विटा-सिमेंटचं आहे त्यांना हात लावायचा नाही. पत्र्याचं, कच्चं घर असेल तेवढंच उतरवायचं आणि त्याच कुटुंबाला त्याच जागेवर २७० चौरस फुटांचं घर बांधून द्यायचं. आत संडास-मोरी. घराचा खर्च ३ लाख धरलेला, त्यातला दहा टक्के म्हणजे ३० हजार कुटुंबाने भरायचे, बाकी केंद्र, राज्य आणि महापालिका. विक्रीसाठी टॉवर नाही, टीडीआर म्हणजे दुसरीकडे विकता येणारा बांधकामाचा हक्क नाही, बिल्डर नाही.

मी तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते, मोजणीच्या मदतीला जायचे. एका बोळाचं उदाहरण सांगते. तिथे तीन घरं शेजारी शेजारी होती, तिन्हींची जागा सारखी नव्हती. एकाची तर नव्वद-शंभर फूटच. तेवढ्या जागेत २७० फूट बसवायचे तर वर जावंच लागतं. मग तिघांनी जागा एकत्र करायची का, जिना कुणाच्या बाजूने, मोरीचं पाणी कुठल्या चेंबरला, हे सगळं ठरवायला बायका जमिनीवर नकाशा पसरून बसायच्या. आम्ही चुन्याची फक्की मारून जोत्याची रेघ दाखवायचो. एका मावशींनी ती रेघ पायाने पुसली आणि म्हणाल्या, "बोळ अजून हातभर रुंद ठेव, मयत न्यायला जागा लागते." ठरलं. तिघांनी जोतं मागे घेतलं. आम्ही कॉलेजात शिकलेल्या कुठल्याही रस्तारुंदीच्या नियमापेक्षा तो निर्णय जास्त पक्का होता, कारण तो त्यांनी स्वतःच्या जागेतून दिला होता.

त्रास भरपूर झाला. सिमेंट-लोखंडाचे भाव चढले आणि मंजूर रक्कम मात्र तेवढीच राहिली. बोळात गाडी शिरत नाही म्हणून वाळू-खडी डोक्यावरून न्यावी लागायची. एक घर अडलं की शेजारच्या दोघांचा स्लॅब अडायचा. तरी घरं झाली. लोक तिथेच राहिले. मुलांची शाळा बदलली नाही, बाईच्या धुण्या-भांड्याच्या कामाची घरं बदलली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: जिथे वस्ती बैठी आहे आणि अर्धी घरं लोकांनी स्वतःच पक्की केलेली आहेत, तिथे पहिला पर्याय हाच असायला हवा. आणि तो अपयशी ठरला म्हणून मागे पडलेला नाही. योजनेचं कलम बदललं म्हणून मागे पडला. त्यावर खाली लिहीन. आधी तुमचे अनुभव ऐकायचे आहेत.

---

गोवंडीकर

चांगला धागा. मी दुसऱ्या टोकाचा माणूस आहे. आमची झोपडी रेल्वेलगत होती, प्रकल्पात गेली आणि २२५ फुटांची खोली मिळाली, सातव्या मजल्यावर.

खोली मिळाल्याचा आनंद खोटा नव्हता. आई पहिल्यांदा घरातल्या संडासाला कडी लावून बसली, हे मी विसरणार नाही. पण नंतरचं ऐका. इमारती इतक्या जवळ की दुपारी बारा वाजता खालच्या मजल्यांवर दिवा लागतो. लिफ्ट बंद पडली की महिनोन्महिने बंद. पंपाचं लाइटबिल थकलं की पाणी वर चढत नाही. आधीच्या वस्तीत बिघडलेलं आम्ही स्वतः नीट करायचो, इथे लिफ्ट कोण नीट करणार? सोसायटीची कमिटी कागदावर होती. वेगवेगळ्या वस्त्यांतून आणलेली माणसं, एकमेकांना ओळखत नव्हती, मेंटेनन्स कुणी कुणाकडे मागायचा?

लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या मुंबईतल्या पुनर्वसन वसाहतींमध्ये डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी अभ्यास केला होता. उजेड आणि वारा नसलेल्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, असं त्यातून पुढे आलं. दोन इमारतींत तीन मीटरची फट असेल तर दुसरं काय होणार.

---

अंधेरी_लोकल

गोवंडीकर, तुमचा अनुभव खरा आहे, पण धाग्याचा सूर मला एकांगी वाटतो. मी नगररचनेत काम केलेलं आहे म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो.

मुंबईत १९९५ साली ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं असं आश्वासन दिलं गेलं. अफझुलपूरकर समिती बसली, एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. सरकारच्या तिजोरीतून पैसा न काढता, वरच्या विक्रीच्या सदनिकांतून खालच्या मोफत घरांचा खर्च निघावा, हे त्याचं गणित. जमिनीला जिथे सोन्याचा भाव आहे तिथे हे गणित चालतं. घराचं मापही वाढत गेलं: आधी १८०, मग २२५, मग २६९ आणि आता ३०० फूट. धारावीत ३५० सांगितलं जातंय. हे सगळं करदात्याच्या पैशातून करायला निघालात तर किती वर्षं लागतील?

शिवाय येरवड्याची घनता आणि धारावी किंवा बेहरामपाड्याची घनता एक नाही. जिथे आधीच तीन-चार मजली पत्र्याचे माळे चढलेत, एका माळ्यावर एक भाडेकरू, तिथे 'जागच्या जागी २७० फूट' कुठून आणणार? वर जावंच लागेल.

---

मुळाकाठ

अंधेरी_लोकल, आक्षेप योग्य आहे. बेहरामपाड्यात येरवडा होणार नाही, मान्य. म्हणूनच मी 'जिथे वस्ती बैठी आहे' असं लिहिलं.

पण पैशाचं गणित पूर्ण मांडू या. एसआरएच्या घरांवर सरकार खर्च करत नाही हे अर्धंच खरं. जमीन बहुतेक वेळा सरकारची किंवा पालिकेची असते, वाढीव एफएसआय म्हणजे जास्त बांधकामाची परवानगीही सरकारच देतं. या दोन्हींची किंमत आहे, ती अर्थसंकल्पात दिसत नाही इतकंच. आणि विक्रीची जागा मोकळी व्हावी म्हणून पुनर्वसनाच्या इमारती कोपऱ्यात रचल्या जातात. नियमातच किमान घनता हेक्टरी ५०० घरं होती, पुढे ती ६५० झाली. तुमच्यासारख्या नगररचनाकाराला विचारते, एवढ्या घनतेत उजेड-वारा कुठून येणार? गोवंडीकरांच्या खालच्या मजल्यावरचा अंधार या आकड्यातून आलेला आहे.

आणि वेग? ४० लाख लोक म्हणजे ८ लाख घरं, असं तेव्हाचं गणित होतं. पहिल्या पंचवीस वर्षांत झाली त्याच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास. जिथे विक्रीला भाव नाही तिथल्या वस्त्यांकडे कुणी फिरकलंच नाही.

आता ते कलम. जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना शहरी आली. तिच्यात झोपडपट्टीसाठी जो घटक होता, तो जमीन हे साधन धरून खासगी विकासकाला सोबत घेण्याचा, म्हणजे एसआरएच्याच वळणाचा, घरामागे केंद्राचा १ लाख. स्वतः घर बांधणाऱ्याला पैसे देणारा घटकही होता, बीएलसी. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख. पण त्याला जमिनीचा कागद लागतो. येरवड्यातल्या माणसाकडे फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र आहे, लाइटबिल आहे, तीस वर्षांची घरपट्टी आहे, सातबारा नाही. म्हणजे जो माणूस बीएसयूपीत बसत होता तो नव्या योजनेतल्या दोन्ही दारांबाहेर राहिला. बिल्डरला त्याच्या जागेत रस नाही आणि सरकारला त्याचा कागद चालत नाही.

---

वैदर्भी

कागदाचा विषय काढलात तर नागपूरचं सांगतो. आमच्याकडे या प्रश्नावर वस्तीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, अर्ज केले, आणि मालकी पट्टे मिळवले. सरकारी जमिनीवरचं १ जानेवारी २०११ पूर्वीचं राहतं घर नियमित करायचा निर्णय राज्याने घेतला, त्यातून नझूल म्हणजे शहरातली सरकारी जमीन, नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास आणि महापालिका यांच्या जागेवरच्या पुष्कळ लोकांना पट्टे मिळाले. पट्टा हाती आला की तो माणूस आवास योजनेच्या बीएलसीत बसतो. मुळाकाठ म्हणतात ते दार असं उघडता येते.

पण सगळ्यांचं नाही झालं. एकाच वस्तीत अर्धी जागा नासुप्रची, थोडी खासगी, मागची बाजू झुडपी जंगलात नोंदलेली. झुडपी जंगलात झाडही नसते, पण नोंद आहे. रस्त्याच्या या बाजूच्याला पट्टा, त्या बाजूच्याला काहीच नाही, आणि दोघंही एकाच दिवशी येऊन बसलेले. आमच्या घराची मोजणी झाली, रजिस्ट्री झाली. काकांचं घर पलीकडे, ते अजून फाईल घेऊन फिरतात.

ओडिशाचंही वाचा जमलं तर. २०१७ मध्ये त्यांनी कायदा केला, जागा मिशन नावाने वस्त्यांचे ड्रोनने नकाशे केले आणि जमिनीचा हक्क दिला. वारसाला मिळतो, विकता येत नाही. विकता येत नाही म्हणून वस्ती उठवून दुसऱ्याच्या घशात जाण्याची भीती कमी.

---

यमुना_बचत_गट

नमस्कार ताई. मी येरवड्याचीच आहे, बीएसयूपीत घर झालं आमचं. मुलगा टाईप करून देतोय.

तुम्ही चांगलं लिहिलं पण दोन गोष्टी राहिल्या. घर पाडल्यावर नवं होईपर्यंत राहायचं कुठे ते आमचं आम्ही बघायचं होतं. भाडं कुणी दिलं नाही. जवळपास खोली शोधली, डिपॉझिट दिलं, वर ३० हजार भरायचे. गटातून उचल घेतली म्हणून जमलं, नाहीतर सावकाराकडेच जावं लागलं असतं. ज्या बायका गटात नव्हत्या त्यांनी दागिने ठेवले.

दुसरं, जिना. घर तीन मजले वर गेलं, खाली स्वयंपाक, मधे झोपायचं, वर पोरांचं. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, त्यांचं जग खालच्या खोलीपुरतं झालं. आम्ही नकाशावर बसलो होतो तेव्हा हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, सगळ्यांचं लक्ष संडास आत हवा यावर.

पण विचाराल तर परत हेच घर घेईन. दारात बसलं की समोरची दिसते. बारावा मजला नको.

---

मुळाकाठ

यमुनाताई, फार महत्त्वाचं लिहिलंत, मुलाचेही आभार माना. बांधकामाच्या काळातलं भाडं हे योजनेतलं खरं भोक होतं. ते पुढच्या कुठल्याही योजनेत आधी बुजवायला हवं. जिन्याबद्दल तुम्ही लिहिलंत तेही आमच्यासारख्यांनी नोंदवून ठेवायला हवं.

---

साबरमतीकाठचा

अहमदाबादहून. इथला प्रयोग घर बांधण्याचा नव्हता, सेवा देण्याचा होता. १९९५-९६ पासून महापालिकेने स्लम नेटवर्किंग म्हणजे 'परिवर्तन' योजना चालवली. सुरुवात संजयनगरपासून. घरटी नळ, घरटी संडास, ड्रेनेज, फरसबंदी, पावसाळी गटार, रस्त्यावरचे दिवे. प्रत्येक कुटुंबाने २ हजार रुपये भरायचे आणि वस्तीच्या देखभाल निधीत वर १०० रुपये. पहिल्या वस्तीत अरविंद मिल्सनेही वाटा उचलला होता. कर्ज आणि बचतीसाठी 'सेवा' या महिला कामगार संघटनेची बँक, बायकांना संघटित करायला सेवाचाच महिला हाउसिंग ट्रस्ट.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक चिठ्ठी. पालिकेने लिहून दिलं की दहा वर्षं तुम्हाला उठवणार नाही. मालकी नाही, पट्टा नाही, फक्त एवढं आश्वासन. त्यावर लोकांनी स्वतःच्या पैशाने घरं पक्की केली. सरकारने घराला एक पैसा दिला नाही.

---

चेंबरवाला

पालिकेच्या ड्रेनेजचं काम करणाऱ्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो म्हणून हक्काने बोलतो. साबरमतीकाठचा यांना पूर्ण पाठिंबा. घराआधी पाइप.

पुण्यात १९९९ ला रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना सार्वजनिक शौचालयांचा मोठा कार्यक्रम झाला. ४०० हून जास्त शौचालयं संस्थांमार्फत बांधली, दर आठवड्याला आढावा. चांगली झाली. केअरटेकरला राहायला वर खोली, त्यामुळे रात्री दिवा असायचा आणि बायका जायच्या. पुढे जिथे वस्तीची कमिटी टिकली तिथे ती शौचालयं टिकली, जिथे कमिटी मोडली तिथे दारं गेली, नळ गेले, शेवटी टाकी तुंबली.

त्यानंतरची पायरी म्हणजे शेल्टर असोसिएट्सचं 'एक घर एक शौचालय'. संस्था सामान देते, कुटुंब मजुरीचा खर्च करतं, पालिकेची ड्रेनेज लाइन असेल तिथे जोडणी. त्यांनी आधी वस्तीचा नकाशा केला, घर कुठे, चेंबर कुठे, लाइन किती लांब. त्या नकाशाविना मी कामं केलीत. इंजिनिअर कागदावर सरळ रेघ मारतो, जागेवर मधे कुणाची चूल. मग लाइन वळवतो, उतार जातो, आणि पहिल्याच पावसात चेंबर उलटं वाहतं. उतार शंभराला एक मिळाला नाही तर कितीही खर्च करा, मैला पुढे सरकत नाही.

---

अंधेरी_लोकल

घनतेच्या आकड्यावर मुळाकाठ यांचं म्हणणं मान्य करतो. ६५० ही किमान मर्यादा ठेवण्याऐवजी कमाल मर्यादा असावी असं आमच्यातले बरेच जण आता बोलतात.

आणि एक भर. मुंबईतही तिसरा रस्ता होता. १९८५ ते ९४ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने वस्ती सुधार कार्यक्रम चालला, त्यात वस्तीच्या सहकारी संस्थेला जमीन भाडेपट्ट्याने द्यायची आणि सुधारणेला कर्ज. त्याच प्रकल्पातलं चारकोप, गोराई बघा. पस्तीस-पस्तीस बैठ्या घरांची सोसायटी, मधे चौक. म्हाडाने भूखंड आणि सेवा दिल्या, लोकांनी मजले चढवले. आज तिथे दुकानं आहेत, क्लास आहेत, गणपती आहे. १९९५ ला मोफत घराची घोषणा झाली आणि पैसे भरून सुधारणा करायला कोण तयार होणार? मोफतच्या वाटेने या वाटेला संपवलं. एसआरएची बाजू मांडत असलो तरी हे मला कायम खुपत आलंय.

---

भांडुपची_चढण

सगळं वाचलं. आमच्याकडे वेळ कमी आहे म्हणून थेट विचारते. डोंगराच्या पायथ्याची वस्ती, एका विकासकाची माणसं घरोघरी संमतीपत्रावर सह्या घेतायत. कोऱ्या जागा आहेत फॉर्मवर. नवरा म्हणतो सगळे करतात तर करू. काय बघायचं?

---

गोवंडीकर

ताई, कोऱ्या कागदावर सही नको. आधी सोसायटीची सभा, इतिवृत्त, मग सही. पूर्वी ७० टक्के संमती लागायची, आता ५१ पुरते, म्हणजे तुमच्या सहीशिवायही योजना पुढे जाऊ शकते, पण एकत्र राहिलात तर अटी घालता येतात. परिशिष्ट-२ म्हणजे पात्रतेची यादी लागली की आपलं नाव, क्षेत्र, निवासी की व्यावसायिक, सगळं तपासा. चूक असेल तर मुदतीत हरकत घ्या, नंतर वर्षं जातात.

---

अंधेरी_लोकल

भाड्याचं: २०२३ मध्ये मुंबई एसआरएने परिपत्रक काढलं की विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि पुढच्या वर्षाचे धनादेश द्यायचे. ते जमा झाल्याचा पुरावा हातात येईपर्यंत घर रिकामं करू नका. नकाशा मागा आणि त्यात पुनर्वसनाची इमारत नेमकी कुठे आहे, बाजूच्या इमारतीपासून अंतर किती, हे विचारा. पायथ्याची वस्ती म्हणता, तर तुमची जमीन कुणाच्या मालकीची आहे तेही. वनविभागाची निघाली तर सगळा हिशेबच बदलतो.

---

यमुना_बचत_गट

आणि बायकांची वेगळी बैठक घ्या. पुरुषांच्या बैठकीत फुटांवर बोलणं होतं, पाणी किती वाजता आणि कपडे कुठे वाळत घालायचे हे कुणी विचारत नाही. म्हातारी माणसं कुठल्या घरात आहेत ते पण लिहून घ्या, खालचे मजले त्यांना मागा.

---

भांडुपची_चढण

सगळ्यांचे आभार. जमीन मालकीचं उद्याच सिटी सर्व्हेला विचारते. रविवारी आमच्या चौदा घरांची बैठक ठेवलीय, समाजमंदिरात जागा मिळाली आहे. मुळाकाठ, घरांची मोजणी आम्हीच करायची असेल तर टेप, कागद याशिवाय काय लागतं? आणि एक घर कसं लिहायचं त्याचा नमुना टाकाल का?

---

मुळाकाठ

३० मीटरचा टेप, फक्कीची पिशवी, आणि वस्तीतलीच दोन-तीन मुलं ज्यांना कुठलं घर कुणाचं हे ठाऊक आहे. प्रत्येक घरासाठी एक पान: लांबी, रुंदी, मजले, भिंत कशाची, माणसं किती, त्यात साठीपुढची किती, भाडेकरू आहे का, नळ आणि संडास कुठे, घरात काही धंदा चालतो का, कुठल्या सालापासून राहता आणि त्याचा जुन्यात जुना कागद कोणता. शेवटी घरातल्या बाईची सही. हे करून ठेवलंत की परिशिष्ट-२ येईल तेव्हा तुमच्या हातात तुमची स्वतःची यादी असेल. नमुना आज रात्री इथेच टाकते. मोजणीच्या दिवशी मी व्हिडिओ कॉलवर थांबेन.